रशियाचा सर्वात मोठा नेता कोण? सोलापुरात हा वाद घडवून आणायचा तर

'रशियाच्या इतिहासातला सर्वात महान नेता कोण' हा विषय फळ्यावर जसाच्या तसा लिहिला, की वाद हमखास फसतो. एक वक्ता राज्य किती वाढलं ते सांगतो, दुसरा भूदासांना, म्हणजे मालकाच्या जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्यांना, कोणी मोकळं केलं ते, तिसरा हिटलरला कोणी हरवलं ते. तिघंही आपापल्या जागी बरोबर असतात आणि कोणीच कोणाला उत्तर देत नाही. म्हणून आधी कसोटी ठरवायची, नावं नंतर.

कसोट्या तीन चालतात: राज्य कोणी बळकट केलं, उभ्या केलेल्या संस्था किती टिकल्या, आणि साध्या माणसाच्या पदरात काय पडलं. यातली एकच निवडा आणि निमंत्रणातच छापा. पहिली घेतली तर झार पीटर आणि राणी कॅथरिन सहज पुढे जातात. तिसरी घेतली की सगळ्यांनाच घाम फुटतो. गिरणी आणि विडी कामगारांच्या या शहरात आमचं मत तिसरीलाच. पुढचं सगळं ती धरूनच सांगितलं आहे.

मग हद्द आखा. सुरुवात १४६२, म्हणजे तिसरा आयव्हन मॉस्कोच्या गादीवर आला ते वर्ष, शेवट १९९१. त्याआधीचं किएव्हचं राज्य घेतलं तर ते रशियाचं की युक्रेनचं यावरच संध्याकाळ जाते. १९९१ नंतरचं घेतलं तर टीव्हीवरची रात्रीची चर्चा आपल्या सभागृहात येते. 'जन्माने रशियन' ही अट मात्र घालू नका. कॅथरिन जर्मन, स्टालिन जॉर्जियन. दोघंही बाद होतील आणि वादात जीव राहणार नाही.

उमेदवार सहा पुरेत: तिसरा आयव्हन, पीटर, कॅथरिन, दुसरा अलेक्झांडर, स्टालिन, गोर्बाचेव्ह. लेनिन हवाच असा आग्रह झाला तर गोर्बाचेव्हला काढा, पण लेनिनच्या वक्त्याला आधीच सांगून ठेवा की हाती भांडवल थोडं आहे: नोव्हेंबर १९१७ ला सत्ता आली, मे १९२२ ला पहिला झटका आला आणि जानेवारी १९२४ मध्ये तो गेला.

नावं तीन आठवडे आधी, चिठ्ठ्या टाकून वाटा. आवडीनं वाटली तर भक्त येतात, आणि भक्त वाचून येत नाहीत.

तयारीचा कागद

प्रत्येक वक्त्यानं एका फुलस्केप कागदावर मधोमध रेघ मारायची. डावीकडे कर्तृत्व, उजवीकडे त्याची किंमत. दोन्हीकडे किमान चार नोंदी, प्रत्येकीसमोर साल. उजवी बाजू रिकामी घेऊन येणाऱ्याला मंचावर बसवू नका.

पीटरचा कागद नमुन्यादाखल बघा. डावीकडे: १७०३ ला सेंट पीटर्सबर्गची पायाभरणी, १७०९ ला पोल्टाव्हाला स्वीडनचा पराभव, १७२१ च्या निस्टाडच्या तहानं बाल्टिकचा किनारा, १७२२ ला सरकारी नोकरीत जन्मापेक्षा सेवेवर दर्जा ठरवणारा पदांचा तक्ता. उजवीकडे: नवी राजधानी बांधायला सक्तीनं आणलेले मजूर, १७१८ ला तुरुंगात मेलेला स्वतःचा मुलगा अलेक्सी, १७२४ पासून उमराव आणि धर्मगुरूंना वगळून बहुतेक पुरुषांवर बसलेला डोईपट्टीचा कर, आणि १७२१ चा हुकूम, ज्यानं व्यापाऱ्यांना कारखान्यासाठी गावंच्या गावं माणसांसकट विकत घेता येऊ लागली. शेवटची नोंद सोलापूरच्या श्रोत्यांसमोर वाचली की सभागृह गप्प होतं. सेंट पीटर्सबर्ग बांधताना किती मजूर मेले याचे मात्र आकडे फेकू नका. ते हजारांपासून लाखांपर्यंत काहीही सांगितले जातात आणि प्रतिपक्ष तिथंच पकडतो.

हा कागद सहाही जणांनी नीट केला, तर एक धागा आपोआप वर येतो: शेतकऱ्याचा पाय कोणी बांधला आणि कोणी सोडला. सूत्रसंचालकानं हा धागा हातातून सोडू नये. १४९७ च्या कायद्यानं तिसऱ्या आयव्हननं शेतकऱ्याला मालक बदलायची मुभा वर्षातून फक्त दोन आठवडे ठेवली, तीही पैसे भरून. कॅथरिननं १७६७ ला नव्या कायद्यांसाठी थाटामाटात आयोग बसवला, आणि त्याच वर्षी भूदासांनी मालकाविरुद्ध राणीकडे अर्ज करणं गुन्हा ठरवलं. सहा वर्षांनी पुगाचोव्ह नावाच्या कॉसॅकच्या मागे भूदासांचं बंड उठलं. देवी टोचून घ्यायला लोक घाबरत होते तेव्हा १७६८ ला तिनं स्वतःला टोचून घेतलं, हेही कागदावर यायलाच हवं.

दुसरा अलेक्झांडर इथं सर्वात भक्कम दिसतो. १८६१ ला दोन कोटींहून जास्त भूदास मोकळे झाले, म्हणजे अमेरिकेत लिंकनच्या घोषणेच्या दोन वर्षं आधी. १८६४ ला ज्यूरीची न्यायालयं आणि स्थानिक मंडळं आली. पण त्याच्या वक्त्याला एक प्रश्न येणारच: जमीन फुकट दिली का? नाही. शेतकऱ्यांवर ४९ वर्षांचे हप्ते लादले, ते १९०७ ला रद्द होईपर्यंत चालले; आधी कसत असलेल्या जमिनीतला तुकडाही बऱ्याच ठिकाणी मालकाकडे गेला. घरगडी म्हणून राबणाऱ्यांना तर जमीनच मिळाली नाही. याचं उत्तर तयार नसेल तर सहा मिनिटांचं भाषण दोन मिनिटांत कोसळतं.

स्टालिनची फेरी

सगळ्यात जास्त तयारी इथं लागते. सोलापुरात लाल बावट्याची परंपरा जुनी आहे, अण्णाभाऊ साठ्यांनी स्टालिनग्राडचा पोवाडा लिहिला तो ऐकून वाढलेली माणसं आजही पहिल्या रांगेत बसतात. टाळ्या पडतील. टाळ्यांना गुण नाहीत, हे परीक्षकांनी सुरुवातीलाच जाहीर करावं.

बाजू मांडणाऱ्याकडे दोन ठोस गोष्टी आहेत. पोलादाचं उत्पादन १९२८ ला सुमारे ४३ लाख टन होतं, ते १९४० ला १ कोटी ८० लाखांवर गेलं. आणि २ फेब्रुवारी १९४३ ला स्टालिनग्राडला जर्मन फौज शरण आली. विरोधकाकडे १९३२-३३ चा दुष्काळ आहे. पन्नास लाखांहून जास्त माणसं मेली आणि धान्याची निर्यात तरीही बंद झाली नाही. १९३७-३८ च्या देहदंडांचा पोलिसांच्या स्वतःच्या दप्तरातला आकडा ६,८१,६९२. सैन्याच्या पाच मार्शलांपैकी तीन जण त्याच धरपकडीत संपले, म्हणजे युद्धाच्या तोंडावर. आणि आपला धागा: १९३२ ला सुरू झालेला अंतर्गत पासपोर्ट सामुदायिक शेतीवरच्या शेतकऱ्यांना सरसकट दिलाच नाही. त्याशिवाय गाव सोडून शहरात राहता येत नसे. तो देण्याचा निर्णय व्हायला १९७४ उजाडलं.

युद्धात सोव्हिएत संघाचे सुमारे २ कोटी ७० लाख लोक गेले. हा आकडा दोन्ही बाजू आपल्या सोयीनं वापरतात. एक म्हणतो बघा केवढा त्याग, दुसरा म्हणतो बघा केवढा हलगर्जीपणा. सूत्रसंचालकानं दोघांनाही विचारावं: यातले किती १९४१ च्या पहिल्या सहा महिन्यांतल्या गाफीलपणामुळे, आणि ते कशावरून म्हणता?

गोर्बाचेव्हची फेरी लवकर आटोपते. अफगाणिस्तानातून माघार, १९९० चं नोबेल, एका बाजूला. लिथुआनियाची राजधानी व्हिल्नियस इथं जानेवारी १९९१ मध्ये चाललेले रणगाडे दुसऱ्या.

हमखास घसरायच्या जागा

'लाकडी नांगर होता तिथं अणुबॉम्ब ठेवून गेला' हे वाक्य व्हॉट्सॲपवर चर्चिलच्या नावानं फिरतं. ते स्टालिनचा चरित्रकार आयझॅक डॉइशर याचं आहे. 'पीटरचं मृत्युपत्र', ज्यात जग जिंकायची योजना आहे म्हणतात, ते बनावट. कॅथरिनच्या मृत्यूची घोड्याची गोष्ट चावट लोकांनी रचलेली. ती १७९६ ला पक्षाघातानं गेली.

तारखांचा घोळ वेगळाच. १९१८ पर्यंत रशियात जुनी दिनदर्शिका होती, म्हणून 'ऑक्टोबर क्रांती' आपल्या ७ नोव्हेंबरला येते. एकोणिसाव्या शतकासाठी फरक १२ दिवसांचा, विसाव्यासाठी १३. सगळ्यांनी नवी तारीख वापरायची असं ठरवून टाका, नाहीतर दोन वक्ते एकाच घटनेवरून भांडत बसतात.

'रशिया आपला मित्र, १९७१ ला पाठीशी उभा राहिला' या मुद्द्याला शून्य गुण. तो भारताच्या फायद्याचा मुद्दा आहे. रशियन माणसाला काय मिळालं ते त्यातून कळत नाही.

तिसऱ्या आयव्हनच्या वक्त्याला मात्र एक जवळचा दुवा फुकट मिळतो. त्याच काळात अफनासी निकितिन हा त्व्हेरचा व्यापारी बहमनींच्या बिदरला येऊन राहिला होता. सोलापूरचा भुईकोट ज्या राजवटीतला, तिचीच ती राजधानी. एवढं सांगितलं की श्रोत्यांना काळ लगेच लागतो.

वेळ, जागा, गुण

प्रत्येकाला ६ मिनिटं भाषण, २ मिनिटं प्रतिपक्षाचे प्रश्न, २ मिनिटं उत्तर. सहा जणांचा एक तास. प्रास्ताविक ५, श्रोत्यांचे प्रश्न १५, परीक्षक १०. एकूण दीड तास. पहिली घंटा पाचव्या मिनिटाला, दुसरीला माईक बंद. चहा शेवटी. मध्ये ठेवला तर निम्मी माणसं गेटवरच रेंगाळतात.

साठ-सत्तर लोकांसाठी हिराचंद नेमचंद वाचनालयाचं अ‍ॅम्फी थिएटर पुरतं. हुतात्मा स्मृती मंदिरात एवढी माणसं विरळ दिसतात. एप्रिल-मे असेल तर साडेसहाच्या आधी सुरू करू नका. संक्रांतीच्या आठवड्यात सिद्धेश्वरांच्या यात्रेमुळे रस्ते वळवलेले असतात, तेव्हा तारीखच घेऊ नका.

गुण पन्नास: पुराव्यासह कर्तृत्व १५, किंमत १५, कसोटीला धरून बोलणं १०, प्रत्युत्तर १०. एक नियम कडक पाळा. आपल्या नेत्याची किंमत वक्त्यानं पहिल्या सहा मिनिटांत स्वतः सांगितली नाही, तर पाच गुण कापायचे. हा नियम नसला की सगळी किंमत प्रश्नोत्तरांत बाहेर येते आणि तिथं चिखलफेक होते.

श्रोत्यांचं मत दोनदा घ्या, आत येताना आणि निघताना, दोन रंगांच्या चिठ्ठ्यांवर. हात वर करायला सांगू नका, शेजारच्याकडे बघून हात वर जातात. निकाल दोन वेगवेगळे जाहीर करा: परीक्षकांच्या गुणांनी पहिला आलेला वक्ता, आणि ज्याच्या नेत्याची मतं सर्वात जास्त वाढली तो. बक्षीस दोघांना सारखंच ठेवा. चिठ्ठ्या मोजायला त्या संध्याकाळी न बोललेली दोन माणसं बसवा.