भयपट आणि भयकादंबरीवर मत द्यायचं तर: कसं पाहावं, काय टिपावं, कसं लिहावं

‘जराही भीती वाटली नाही, टुकार’ किंवा ‘जाम टरकलो, नक्की बघा’. भयपटांवरची बहुतेक मतं इथेच संपतात. वाचणाऱ्याच्या हाती त्यातून काही लागत नाही, कारण भीती ज्याची त्याची वेगळी. सिनेमा कशावर पाहिला, भीती कोणत्या जातीची होती, ती नेमकी कशामुळे उभी राहिली किंवा कशामुळे विरली, एवढं सांगितलं तरी मत कामाचं होतं. मात्र त्याची तयारी सिनेमा सुरू होण्याआधी करावी लागते.

पडदा आणि आवाज

टीव्हीत ‘फिल्ममेकर मोड’ असेल तर तो लावा, नसेल तर ‘सिनेमा’ किंवा ‘मूव्ही’. मोशन स्मूदिंग बंद करा. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. हे सेटिंग मधल्या फ्रेम स्वतः बनवून भरतं आणि सगळं मालिकेसारखं गुळगुळीत दिसायला लागतं. खोलीतल्या उजेडानुसार ब्राइटनेस बदलणारा सेन्सरही बंद करा. खोली अंधारी केली की तो पडदा मंद करतो आणि सावल्यांमधला तपशील गिळतो. मग एखाद्या अंधाऱ्या प्रसंगावर थांबून बघा: काळा कोट आणि मागची काळी भिंत वेगवेगळी दिसते का? नसेल तर ब्राइटनेस एकेक घर वाढवत जा. काळा रंग राखाडी दिसायला लागला की एक घर मागे या.

स्ट्रीमिंगवर अंधारात चौकोनी ठोकळे आणि पट्टे दिसतात, कारण फाइल लहान करताना सगळ्यात जास्त काटछाट अंधाऱ्या भागात होते. क्वालिटी ‘ऑटो’वर ठेवू नका. नेट डळमळीत असेल तर सिनेमा सगळ्यात वरच्या क्वालिटीत आधीच डाउनलोड करा. ‘स्किनामारिंक’ (२०२२) हा सिनेमा जवळजवळ सगळा भिंती, छत, दारांच्या कडा आणि चित्रातल्या रवाळपणावर उभा आहे. तो दिवसाउजेडी मोबाइलवर पाहून ‘काही दिसतच नाही’ म्हणणारा माणूस सिनेमाबद्दल बोलतच नसतो, तो मोबाइलबद्दल बोलत असतो.

आवाजाकडे याहून जास्त लक्ष द्या. भयपटातली अस्वस्थता पुष्कळदा खालच्या पट्टीतल्या घुमण्यात असते आणि टीव्हीच्या छोट्या स्पीकरमधून ती जवळपास ऐकूच येत नाही. चांगला साउंडबार नसेल तर कान पूर्ण झाकणारे हेडफोन लावा. ‘नाइट मोड’, ‘ऑटो व्हॉल्यूम’ अशी सेटिंगं बंद ठेवा. ती हळू आवाज चढवतात आणि मोठा आवाज दाबतात, त्यामुळे शांततेला किंमतच राहत नाही. पहिल्या पाच मिनिटांत साधं बोलणं स्वच्छ ऐकू येईल इतका आवाज ठेवा आणि नंतर रिमोटला हात लावू नका. पुढे काहीतरी येणार असं वाटून आवाज कमी केलात, तर त्या प्रसंगावर मत देण्याचा हक्क गेला.

सबटायटलमध्ये फक्त संवाद असलेला पर्याय निवडा. ऐकण्यासाठी गरज असेल तर गोष्ट वेगळी, पण एरवी ‘दार करकरतं’ किंवा ‘अशुभ संगीत’ ही अक्षरं अनेकदा आवाजाच्या क्षणभर आधीच पडद्यावर येतात आणि प्रसंग तिथेच मरतो. भाषा मूळचीच ठेवा. डबिंगमध्ये शब्द येतात, श्वास आणि कुजबुज येत नाही.

पहिल्यांदा पाहताना काय टिपायचं

पहिल्या खेपेला सिनेमा थांबवायचा नाही. कागद, पेन्सिल आणि अंधारात काटे चमकणारं घड्याळ पुरे. मोबाइलवर टिपणं नकोत; त्या उजेडाने अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा सरावायला बरीच मिनिटं लागतात. सुरुवातीची वेळ लिहा आणि नंतर फक्त वेळ आणि एक अक्षर: दचक्याला ‘द’, धास्तीला ‘ध’, किळसेला ‘क’ आणि ‘इथे काहीतरी चुकतंय’ अशा विचित्र वाटण्याला ‘व’.

येणाऱ्या संकटाची धास्ती आणि ते समोर आल्यावर बसणारा हादरा यांतला फरक इंग्रज कादंबरीकार अॅन रॅडक्लिफ यांनी मांडला होता. त्यांचा तो लेख त्यांच्या मृत्यूनंतर १८२६ मध्ये छापला गेला. आजच्या सिनेमालाही ही फूटपट्टी लागू पडते. पानावर नुसते ‘द’ असतील तर सिनेमा धास्ती उभी न करता हादऱ्यावर हादरे देतोय. ‘ध’ लांबच्या लांब आणि मध्ये मोजके ‘द’ असतील तर दिग्दर्शकाला आपलं काम कळतंय.

सिनेमा संपला की इतरांची मतं वाचण्याआधी दहा मिनिटांत आठवेल ते लिहा. दुसऱ्या दिवशी, आदला कागद न बघता, कोणतं दृश्य डोक्यात उरलंय ते पुन्हा लिहा. या दोन कागदांतला फरक हाच मताचा कणा. आदल्या रात्री जोरदार वाटलेलं अर्ध दुसऱ्या दिवशी गायब असतं, आणि पाहताना लक्षातही न आलेली एखादी रिकामी खुर्ची ठाण मांडून बसलेली असते.

दचका खरा की उसना

‘कॅट पीपल’ (१९४२) मध्ये रात्री एकटी चाललेली बाई, मागून पावलांचा आवाज, मग तो आवाजही बंद. आणि अचानक फिसकारत येऊन थांबणारी बस. जॅक टर्नर यांचं दिग्दर्शन आणि व्हॅल ल्यूटन यांची निर्मिती. या युक्तीला आजही ‘ल्यूटन बस’ म्हणतात. ती तिथे चालते कारण आधीची धास्ती खरी आहे. आताच्या कित्येक सिनेमांत बस तेवढी उरली आहे, आधीचा रस्ता गायब.

याची तपासणी सोपी आहे. दुसऱ्या खेपेला तोच प्रसंग आवाज पूर्ण बंद करून पाहा. तरीही अंगावर आला तर चित्र काम करतंय: चौकटीत मुद्दाम मोकळी सोडलेली जागा, अर्धवट उघडं दार, पात्राच्या मागचा धूसर कोपरा. मग डोळे मिटून फक्त ऐका. चित्राने काहीच झालं नाही आणि नुसतं ऐकताना मात्र दचकलात, तर तो दचका निव्वळ आवाज एकदम चढवल्याचा आहे, आणि तसं स्पष्ट लिहावं. खोटे दचकेही मोजा (मित्राने खांद्यावर ठेवलेला हात, कपाटातून उडी मारणारं मांजर). दचकणं ही शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे आणि ती वारंवार उचकवली की बोथट होते. पहिल्या अर्ध्या तासात असे तीन-चार झाले की खरा प्रसंग येईपर्यंत प्रेक्षक सरावलेला असतो.

नियम मोडले की पाळले

इथे बहुतेक सिनेमे घसरतात. जे काही भीतीदायक आहे, ते काय करू शकतं आणि काय करू शकत नाही, हे एका वाक्यात लिहून बघा. लिहिता आलं नाही तर शेवट डळमळणार हे जवळजवळ नक्की. ‘सिनर्स’ (२०२५) मधले पिशाच (व्हॅम्पायर) आमंत्रण दिल्याशिवाय आत येऊ शकत नाहीत. नियम जुनाच, पण उंबरठ्यावरचं बोलणं, आर्जवं आणि संशय सगळं त्यातूनच निघतं. ‘द सबस्टन्स’ (२०२४) मध्ये दोन शरीरांनी सात-सात दिवस आळीपाळीने जगायचं हा नियम सुरुवातीलाच सांगितलेला आहे आणि पुढचा सगळा अनर्थ तो मोडल्याचा. शेवटचा भाग अति वाटू शकतो, पण तो स्वतःच्या नियमाशी प्रामाणिक आहे. आमच्या मते गेल्या काही वर्षांतली शरीरभयाची (‘बॉडी हॉरर’, म्हणजे शरीराच्याच विद्रूप होण्यातून येणारी भीती) ही सगळ्यात शिस्तशीर मांडणी.

खुलासा कितव्या मिनिटाला येतो तेही नोंदवा. ‘वेपन्स’ (२०२५) मध्ये एकाच वर्गातली १७ मुलं रात्री २ वाजून १७ मिनिटांनी घराबाहेर पळतात आणि गोष्ट एकेका पात्राच्या बाजूने उलगडते. कोडं जितकं सुटत जातं तितकी धास्ती ओसरते आणि वेग वाढतो. कुणाला हा सौदा आवडेल, कुणाला नाही. आपल्याला कोणत्या टप्प्यावर काय गमावल्यासारखं वाटलं ते लिहा. ‘शेवट फसला’ एवढ्याने काही कळत नाही.

पुस्तकांसाठी वेगळी कसोटी

पुस्तकात आवाज नाही आणि वेग वाचणाऱ्याच्या हातात, त्यामुळे दचका जवळपास बाद. तिथे वाक्य बघायचं. ‘भयानक’, ‘अमानवी’, ‘भीषण’ यांनी भरलेली दोन पानं निवडा, ही विशेषणं पेन्सिलीने खोडा आणि पुन्हा वाचा. प्रसंग तसाच उभा राहिला तर लेखक भक्कम. कोसळला तर तो विशेषणांवरच टेकलेला होता. वाचताना एका बैठकीत चाळीस-पन्नास पानं तरी सलग वाचा. पाच-पाच पानांच्या तुकड्यांत धास्ती साठतच नाही.

निवेदक कोण आणि त्याला हे कधी कळलं, हेही तपासा. स्टीफन ग्रॅहम जोन्स यांच्या ‘द बफेलो हंटर हंटर’ (२०२५) मध्ये १९१२ सालच्या एका पाद्र्याच्या रोजनिशीत दुसऱ्याचा कबुलीजबाब आहे. अशा गोष्टीत गोष्ट असलेल्या पुस्तकात सुरुवात संथ वाटणारच. निदान दोन्ही आवाज ओळखीचे होईपर्यंत तरी मत राखून ठेवा. अनुवाद वाचला असेल तर तसं सांगा, कारण भाषेच्या लयीवरचं मत मग अनुवादावरचं असतं. पुस्तकावरून सिनेमा निघाला असेल तर दोन्हींचे शेवट वेगळे तपासा: पॉल ट्रेंब्ले यांची २०१८ ची कादंबरी आणि तिच्यावरचा ‘नॉक अ‍ॅट द केबिन’ (२०२३) यांचे शेवट इतके वेगळे आहेत की एकावरचं मत दुसऱ्याला चिकटवणं अन्याय आहे.

लिहायला बसल्यावर

तीनशे-चारशे शब्द पुष्कळ झाले. कशावर पाहिलं ते पहिल्या दोन ओळींत येऊ द्या. ‘सिनर्स’सारख्या सिनेमात आयमॅक्सच्या पडद्यावर चौकटीचा आकार मध्येच बदलतो, त्यामुळे तिथला प्रेक्षक आणि लॅपटॉपवरचा प्रेक्षक वेगळा अनुभव सांगणार. कथा पहिल्या एक-तृतीयांशापर्यंतच सांगा. त्यापुढचं काही सांगायचंच असेल तर आधी ठळक सूचना द्या. आपण कशाला घाबरत नाही तेही कळू द्या. भुतांची सवय झालेल्याचं ‘सौम्य आहे’ हे मत नवख्याला फसवतं. तारे द्यायचेच तर भीती, मांडणी आणि कथा यांना वेगवेगळे द्या. एकच आकडा या तिन्हींतला फरक झाकून टाकतो.

प्राण्यांवरची क्रूरता, लहान मुलांवरचा अत्याचार, आत्महत्या, स्वतःला इजा करणं, यांतलं काही असेल तर एका ओळीत नाव घेऊन सांगा; प्रसंग फोडावा लागत नाही. लखलखणारा उजेड असेल तर त्याची नोंद सगळ्यात वर, शक्यतो कितव्या मिनिटाला ते सांगून, कारण प्रकाशामुळे फिट येणाऱ्या माणसाला तेवढी माहिती तिकीट काढण्याआधीच हवी असते.