पावसाळ्यात वासराची हगवण कशी थांबवली

जुलैत गोठ्यातली जांभ्या दगडाची जमीन सुकतच नाही. ओल्या पेंढ्यावर बसलेलं वासरू आठवड्याभरात पिवळं-पातळ हगायला लागतं. पण आमची खरी चूक दुधात होती: सकाळचं उरलेलं दूध संध्याकाळी थंडगारच पाजलं जायचं. आता दूध 38–39 अंशांवर कोमट करून, वजनाच्या दहाव्या भागाइतकं. 25 किलोच्या पाडीला दिवसाला अडीच लिटर, दोन-तीन वेळात.

हगवण लागली की दूध तोडायची पद्धत आहे. तोडू नका, वासरू आणखी खंगतं. दोन दुधांच्या मध्ये 1 लिटर कोमट पाण्यात 5 ग्रॅम मीठ, अर्धा चमचा खाण्याचा सोडा आणि 20 ग्रॅम ग्लुकोज पाजा. हे दुधात मिसळायचं नाही; सोड्यामुळे पोटात दुधाचं दही नीट बनत नाही. दोन तासांचं अंतर हवंच. आणि चोखणीच्या बाटलीने पाजा, घशात ओतलं तर फुफ्फुसात जातं.

मानेची कातडी चिमटीत धरून सोडा. दोन सेकंदांत सपाट झाली नाही, डोळे खोल गेले किंवा चोखणं थांबलं, तर लगेच डॉक्टर. मग सलाईनच लागतं.

ओल टाळायला वासराखाली पोफळीच्या (सुपारीच्या झाडाच्या) रिपा टाकल्या, वर रोज सुका पेंढा.