परदेशात शिकताना माणसं जोडली जात नाहीत? या चुका टाळा

पहिल्या आठवड्यात वीसेक जणांचे नंबर मोबाइलमध्ये येतात आणि तिसऱ्या महिन्यात जेवायला सोबत कोणी नसतं. आपला स्वभावच बुजरा, असं म्हणून पोरं मोकळी होतात. खरं तर चूक तासांच्या हिशेबात असते.

अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठाचे जेफ्री हॉल यांच्या अभ्यासानुसार नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात, जिवाभावाच्या मैत्रीला २०० हून जास्त. स्वागत समारंभात त्यातले दोन मिळतात. आठवड्याला दोन तासांचा क्लब धरला तरी पन्नास तास भरायला सहा महिने लागतात, तोवर एक सत्र उलटलेलं असतं. म्हणून पाच क्लबांत नाव नोंदवू नका. एकच धरा, तोही पहिल्या पंधरवड्यात, आणि असा निवडा की मैत्री झाली नाही तरी तिथे जावंसं वाटेल.

‘कधीतरी भेटू या’ हे आमंत्रण समजून वाट बघत बसणं ही दुसरी चूक. बऱ्याच ठिकाणी तो नुसता निरोप घेण्याचा प्रकार असतो. वार आणि वेळ तुम्हीच सुचवा. दोनदा टाळलं, तर राग न धरता सोडून द्या.

आपल्या देशातल्या मुलांच्या घोळक्यात राहू नका, हा सल्ला सगळेच देतात. मला तो अर्धवट वाटतो. स्टीफन बॉक्नर आणि सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये दाखवलं की परदेशी विद्यार्थ्यांची तीन वर्तुळं असतात आणि प्रत्येकाचं काम वेगळं: आपले लोक मायेसाठी, स्थानिक लोक अभ्यास आणि भाषेच्या अडचणींसाठी, इतर देशांतले विद्यार्थी मौजमजेसाठी. घोटाळा होतो तो एका वर्तुळाचं काम दुसऱ्याकडून करून घेताना. प्राध्यापकाच्या शेऱ्याचा अर्थ घोळक्यात विचारला, की एकाचा गैरसमज सगळ्यांचा होतो.

वर्गात मात्र चुका महागात पडतात. जिथे चर्चेला गुण असतात तिथे तुमचं आदरानं गप्प राहणं ‘वाचून आला नाही’ असं वाचलं जातं. पहिल्या दहा मिनिटांत एक साधा प्रश्न विचारून टाका. उशीर केला की धीर होत नाही. गटात काम करताना समोरच्याचा ‘हो’ म्हणजे ‘पटलं’च असं गृहीत धरू नका, तो नुसता ‘ऐकलं’ही असू शकतो. बैठक संपताना कोण काय, कधीपर्यंत करणार हे लिहून सगळ्यांना पाठवा.

आणि मित्राला मदत म्हणून आपली असाइनमेंट देऊ नका. आपल्याला तो दिलदारपणा वाटतो, पण अनेक विद्यापीठांच्या नियमांत ती संगनमताची फसवणूक ठरते आणि देणाराही अडकतो. विषय समजावून सांगा, फाइल पाठवू नका.

राहिला मनाचा प्रश्न. नॉर्वेच्या स्वेरे लिसगार्ड यांनी १९५५ मध्ये मांडलं की सुरुवातीला सगळं छान वाटतं, मग घसरण होते, मग सावरतं. नंतरच्या अभ्यासांत कित्येकांना सुरुवातच सर्वांत जड गेलेली दिसली. तेव्हा पहिल्याच महिन्यात रडू आलं तर आपलंच काही बिघडलंय असं मानू नका. झोप आणि भूक दोन आठवडे बिघडलेली राहिली, तर मात्र परीक्षा संपायची वाट न बघता विद्यापीठाच्या समुपदेशकाची वेळ घ्या.