देहबोली वाचताना या चुका टाळा: चारचौघांत भीती वाटणाऱ्यांसाठी

आपण बोलत असताना समोरच्याने घड्याळाकडे पाहिलं की पोटात गोळा येतो. ‘कंटाळलाय हा मला.’ पुढचं वाक्य तिथेच अडखळतं.

सामाजिक भीती असणाऱ्यांना देहबोली कळत नाही, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. उंचावलेली भुवई त्यांना बरेचदा इतरांच्या आधी दिसते. गडबड होते ती अर्थ लावताना: कोरा चेहरा नाराज वाटतो, जांभई म्हणजे अपमान वाटतो. पण लक्ष देऊन ऐकणाऱ्याच्या कपाळावरही आठ्या पडतात. म्हणून एकाच खुणेवरून निकाल देऊ नका. तो माणूस एरवी कसा असतो, त्याहून आज काही वेगळं दिसतंय का, ते पाहा. शंका उरलीच तर सरळ विचारा, “घाई आहे का तुम्हाला? नंतर बोलू या का?”

दुसरी चूक म्हणजे सगळं लक्ष स्वतःवर ठेवणं. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी 1995 मध्ये मांडलेल्या सामाजिक भीतीच्या प्रारूपात हाच मुद्दा मध्यवर्ती आहे. आतून घाबरल्यासारखं वाटतं, म्हणजे बाहेरूनही तसंच दिसत असणार, असं मन धरून चालतं. समोरचा चेहरा मग नीट पाहिलाच जात नाही. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना अवघडल्यासारखं वाटेल असा टी-शर्ट घालून खोलीत पाठवलं. जवळपास निम्म्या लोकांच्या तो लक्षात येईल, असा त्यांचा अंदाज होता. प्रत्यक्षात आला सुमारे पाव लोकांच्या. धडधड वाढली की मुद्दाम लक्ष बाहेर न्या: तो आत्ता नेमकं काय म्हणाला?

मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते तिसऱ्या चुकीचं. नजर चुकवणं, हाताची घडी, मोबाइलमध्ये डोकं, पुटपुटल्यासारखा आवाज. हे सगळं आपण स्वतःला सांभाळायला करतो, पण समोरच्यापर्यंत पोचतं ते ‘मला तुमच्यात रस नाही’. तोही मग हातचं राखून वागतो आणि आपली भीती खरी ठरते. किती मायाळू माणसं अशी शिष्ट ठरतात! यातली एकच सवय निवडा, एका भेटीपुरती सोडा आणि काय होतं ते बघा. उपचारांत व्हिडिओही वापरतात: आपण कसे दिसलो असू ते आधी लिहायचं, मग परक्या माणसाकडे पाहावं तसं स्वतःकडे पाहायचं. आत जाणवलेली थरथर पडद्यावर पुष्कळदा दिसतही नाही.

डोळ्यांत रोखून पाहत राहायचा सल्ला मात्र सोडून द्या. बोलताना शब्द शोधत नजर इकडेतिकडे जाणं स्वाभाविक आहे. ‘संवादाचा 93 टक्के भाग शब्दांविना होतो’ हेही विसरा. मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट मेहराबियन यांचे ते 1967 चे आकडे फक्त भावना व्यक्त करण्यापुरते होते.

भीती सहा महिने किंवा त्याहून जास्त काळ टिकली आणि तिच्यापायी शिक्षण, काम, भेटीगाठी टळू लागल्या, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. विचार आणि वर्तन यांवर काम करणाऱ्या सीबीटी या उपचारपद्धतीचा यात चांगला उपयोग होतो. पहिल्या भेटीत त्यांच्या नजरेला नजर देता आली नाही तरी चालतं.