रात्रीचा फोटो काळा आला? आयएसओला हात लावण्याआधी हे तपासा

पुण्यातल्या झेड ब्रिजवर संध्याकाळी कॅमेरा घेऊन उभ्या असलेल्या कुणाकडेही बघा. फोटो काळा आला की पहिला हात आयएसओकडे, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता वाढवणाऱ्या सेटिंगकडे जातो. १६००, ३२००, ६४००. घरी मोठ्या स्क्रीनवर उघडला की आकाशभर दाणे दाणे.

मॅन्युअल मोडमध्ये सुरुवात शटरपासून, म्हणजे उजेड किती वेळ आत घ्यायचा यापासून करा. चौकटीत काय हलतंय आणि ते कसं दिसायला हवं, हे ठरलं की शटर ठरतं. मग अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक; एफचा आकडा जितका लहान, तितकं ते मोठं), आणि उरलेली तूट आयएसओने भरायची. नदीकाठाने जाणाऱ्या मेट्रोची उजेडाची रेघ हवी असेल तर ट्रायपॉडवर आयएसओ १००, एफ/८, १० सेकंद इथून सुरुवात करून बघा. तेवढाच उजेड आयएसओ ३२०० ला साधारण एक तृतीयांश सेकंदात मिळतो. पण तेवढ्यात धड रेघ उमटत नाही आणि हातही स्थिर राहत नाही. ऑटो आयएसओ चालू राहिला असेल तर तोही बंद करा, नाहीतर तुम्ही शटर बदलाल आणि कॅमेरा गुपचूप आयएसओ बदलून हिशोब पुसून टाकेल.

लक्ष्मी रोडवर विसर्जन मिरवणुकीत सगळं उलटं. ताशाच्या काड्या गोठवायच्या तर १/२५० किंवा त्याहून वेगवान शटर लागतं. तिथे एफ/१.८ आणि आयएसओ ३२०० खुशाल वापरा, दाणे परवडतात, हललेला चेहरा परवडत नाही. ट्रायपॉड घरीच ठेवा. त्या गर्दीत तो उघडणाऱ्याला जे ऐकावं लागतं ते पुणेरी पाटीवरही मावणार नाही.

मिरवणुकीतल्या फोटोंवर आडवे पट्टे दिसले तर कॅमेरा बिघडलेला नसतो. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. सायलेंट (इलेक्ट्रॉनिक) शटर बंद करा आणि १/१०० किंवा १/५० वर या. काड्या थोड्या पुसट होतील, ती तडजोड आहे. एलईडी पडदे आणि सजावटीच्या दिव्यांची लुकलुक वेगळी असते, तिथे दोन-चार वेग बदलून पाहण्याला पर्याय नाही.

शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा टिपताना कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसवतो. अर्धी चौकट काळं आकाश, म्हणून तो आणखी उजेड मागतो. त्याचं ऐकलं की दिव्याखालची भिंत पांढरीफटक. साधारण एक स्टॉप कमी, म्हणजे निम्मा उजेड ठेवा. मागच्या स्क्रीनवरही विसंबू नका, अंधारात ती नेहमीच जास्त उजळ वाटते. हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) उजव्या भिंतीला चिकटलाय का, ते पाहा; चिकटला असेल तर उजळ भाग पांढरे झालेत. खरं तर आकाश पूर्ण काळं होण्याआधीच पोचायला हवं. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. त्यानंतर वीस-पंचवीस मिनिटांनी आकाश निळं असतं आणि दिवेही लागलेले असतात.

ट्रायपॉड असूनही फोटो हलला तर लेन्सचं स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर सावरणारी सोय) बंद करा आणि २ सेकंदांचा टायमर लावा. तरीही हलतोय? मग पूल हलतोय. झेड ब्रिजवरून दुचाकी गेली की कंप ट्रायपॉडच्या पायांतून थेट कॅमेऱ्यात येतो. वाहतुकीत फट मिळेपर्यंत थांबा, नाहीतर सरळ काठावर उतरा.

अंधारात ऑटोफोकस पुढे-मागे धडपडत राहिला तर लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर) लांबचा दिवा मोठा करून हाताने फोकस करा. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर डोळे झाकून थांबू नका.

२० सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी २० सेकंद गप्प बसला तर बॅटरी काढू नका. तो लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन करतोय, म्हणजे लांब फोटोतले दाणे पुसतोय. मेन्यूतून बंद करता येतं.

रंगांसाठी रॉमध्ये (कॅमेऱ्याची प्रक्रिया न केलेली कच्ची फाइल) काढा, पुढचं घरी बघता येतं. आणि फोटोत दिव्यांच्या समोरासमोर हिरवट ठिपके उमटत असतील तर लेन्सवर चढवलेला यूव्ही फिल्टर आधी काढून बघा.