बँकॉकमध्ये एकच दिवस हाताशी असेल तर

ग्रँड पॅलेस सकाळी साडेआठला उघडतो, तेव्हाच दारात हजर राहा. नंतर ऊन आणि टूरवाल्यांची गर्दी दोन्ही सोसवत नाहीत. खांदे-गुडघे झाकलेले हवेत. हाफ पँट चालत नाही. बाहेर कुणी गोड बोलून ‘आज पॅलेस बंद आहे’ म्हणत स्वस्तात टुकटुकची (तिथल्या रिक्षाची) फेरी देऊ केली, तर सरळ पुढे व्हा. ती फेरी हमखास रत्नांच्या दुकानात जाते.

तिथून ‘वाट फो’ हे बौद्ध मंदिर चालत गाठा. ४६ मीटर लांबीच्या पहुडलेल्या बुद्धाच्या चेहऱ्याचा फोटो सगळेच काढतात. तुम्ही पायांशी थांबा. तळव्यांवर शिंपल्यांच्या चकाकत्या तुकड्यांनी १०८ शुभचिन्हं जडवली आहेत. मग था तिएन धक्क्यावरून होडीने नदीपलीकडे, ‘वाट अरुण’ मंदिरात. लेसचे बूट मात्र नकोत, देवळात ते काढावेच लागतात.