काना दोनदा उमटायला लागला की

गेल्या उन्हाळ्यात एका पोराचा प्रबंध टाइप करून दिला. विषय विडी कामगार बायका, पानं २४०. चार दिवसांनी तो परत आला आणि एक पान माझ्यापुढं धरलं. 'कामगार' शब्दात काना दोनदा, त्यातला दुसरा ठिपक्यांच्या गोलावर टेकून उभा. एका पानावर तीन-चार ठिकाणी तेच. इन्स्क्रिप्ट या मराठी टायपिंगच्या मांडणीत काना इंग्रजी ईच्या बटणावर असतो, आणि स्पेसबार सोडला तर मराठीत त्या बटणाइतका मार दुसरं कुठलंच खात नाही. माझं बटण चार वर्षं रोज सात-आठ तास मार खात होतं.

माझं घर आणि डीटीपीचं दुकान एकाच खोलीत, सोलापुरात अशोक चौकाच्या पुढं. मागच्या भिंतीला टॉवेलचा कारखाना. खिडकी लावून घेतली तरी सकाळी टेबलावर सुताच्या रुईचा पांढरा थर असतोच. त्यात आपली हवा कोरडी. मे महिन्यात पारा ४३ अंशांवर गेला की प्लास्टिकला ही रुई अशी चिकटते, की फुंकर मारून काही होत नाही. कोकणातल्या कीबोर्डाची दुखणी वेगळी असतील. मी सांगतेय ते रुई, धूळ आणि उन्हाचं.

विकणाऱ्याला फोन केला. "मॅडम, नवीन घ्या, परवडतं." साडेतीन हजाराचा मेकॅनिकल कीबोर्ड, म्हणजे प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असलेला, एका बटणापायी फेकायचा? मग मीच उघडून बसले.

उघडण्याआधी एक करा: बिघाड खरंच बटणात आहे का ते बघा. केबल दुसरी लावा, दुसऱ्या यूएसबीच्या खाचेत घाला, जमलं तर दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडून बघा. शेजारचं पोरगं एकदा कीबोर्ड घेऊन रडवेलं होऊन आलं, "काकू, डब्ल्यू दाबलं की कर्सर वर जातोय." स्वस्तातल्या बऱ्याच कीबोर्डांवर एफएन आणि डब्ल्यू एकत्र दाबले की बाणांची बटणं आणि डब्ल्यू-ए-एस-डी यांची अदलाबदल होते. परत दाबलं, झालं. विंडोजचं बटण मेलंय असं वाटलं तरी आधी एफएन धरून तेच दाबून बघा, खेळायच्या कीबोर्डांना तिथं कुलूप असतं.

आता काना दोनदा का पडतो ते. स्विचच्या पोटात एक दांडा, एक स्प्रिंग आणि धातूच्या दोन पात्या. नेहमीच्या स्विचमध्ये दांडा एकूण ४ मिलिमीटर खाली जातो, पात्या साधारण २ मिलिमीटरवर जुळतात. जुळताना त्या क्षणभर थरथरतात, एकदाच नीट चिकटत नाहीत. ही थरथर कीबोर्डातली चिप सोडून देते. बहुतेक ठिकाणी ५ मिलिसेकंदांच्या आसपास ती वाट बघते. पात्यांवर घाण बसली किंवा त्या झिजल्या की थरथर लांबते, आणि चिपला वाटतं, बटण दोनदा दाबलं.

म्हणून पहिला इलाज घाण काढायचा. आयसोप्रोपाइल अल्कोहोल, ९९ टक्क्यांचं. नव्या पेठेत मोबाइल दुरुस्त करणाऱ्यांना विचारा, 'आयपीए' म्हटलं की कळतं. सॅनिटायझर चालणार नाही, त्यात पाणी आणि ग्लिसरीन असतं. थिनर किंवा नेलपॉलिशचं रिमूव्हर तर लांबच ठेवा, बटणाच्या टोपीचं प्लास्टिक विरघळतं. कीबोर्डची वायर काढा, बटणाची टोपी उपटा, दांडा दाबून धरा आणि कडेच्या फटीतून ड्रॉपरनं एक-दोन थेंब आत सोडा. मग ४०-५० वेळा टकटक दाबा. अर्धा तास पंख्याखाली ठेवून मगच वायर लावा. माझा काना यानं तीन आठवडे सुधारला आणि परत सुरू झाला. असं परत झालं की समजायचं, पात्याच गेल्या, स्विच बदला.

बदलायच्या आधी अजून एक परीक्षा, ही माझ्या मते सगळ्यात मोलाची. स्विच उपटता येणारा, म्हणजे हॉटस्वॅप कीबोर्ड असेल तर स्विच काढा, वायर जोडा, नोटपॅड उघडा आणि खालच्या दोन छिद्रांमध्ये चिमट्याची दोन टोकं लावून जोड द्या. अक्षर पडलं की खालची पाटी, म्हणजे सर्किट बोर्ड, धडधाकट आहे, स्विच खराब. पडलं नाही तर सॉकेट (स्विच खोचायची खोबण), डायोड (पाटीवरचा बारीक भाग) नाहीतर पाटीवरची रेघ तुटलीय. घाबरू नका, यूएसबीचे ५ व्होल्ट असतात, शॉक बसत नाही. आणि एकच बटण न मरता अख्खी ओळ किंवा उभी रांग मेली असेल तर स्विचच्या मागं लागूच नका. बटणं पाटीवर आडव्या-उभ्या तारांच्या जाळीत जोडलेली असतात, त्यातली एखादी तार गेलेली असते. ते काम मोबाइलवाल्याकडं द्या.

स्विच उपटायचा चिमटा कीबोर्डबरोबर येतो. त्याचे दोन दात स्विचच्या वरच्या आणि खालच्या बाजूच्या खाचांत बसवायचे, डाव्या-उजव्या नाही. दाबायचं आणि सरळ वर ओढायचं, हलवत हलवत नाही. नवा स्विच घालण्याआधी त्याच्या दोन्ही पिना डोळ्यांसमोर धरून बघा. वाकडी असेल तर चिमट्यानं सरळ करा. घालताना कीबोर्ड नुसता टेबलावर ठेवून वरून अंगठा रेटू नका, सॉकेट खालून सुटून येतं. पाठीमागचं झाकण काढून सॉकेटला खालून बोट द्यायचं आणि मग दाबायचं. आणि जुन्या आउटेमूच्या सॉकेटांची छिद्रं बारीक असतात, दुसऱ्या कंपनीच्या जाड पिना त्यात जात नाहीत. विकत घेण्याआधी आपला जुना स्विच खिशात घालून दुकानात न्या.

पण विकत तरी कशाला घ्यायचा? मी स्क्रोल लॉकचा काढला. चार वर्षांत ते बटण मी कधी दाबलेलं आठवत नाही. कान्याला स्क्रोल लॉकचा स्विच, स्क्रोल लॉकला कान्याचा. पॉजचं बटण अजून राखीव आहे.

स्विच पाटीला सोल्डर केलेले असतील तर हे सोपं नाही. एकेका स्विचचे दोन सांधे, साडेतीनशे अंशांच्या आसपास तापलेलं सोल्डरिंग आयर्नचं टोक, दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवलं की पाटीवरचा तांब्याचा गोल उचकटतो. हात बसलेला नसेल तर पहिला प्रयोग चालू कीबोर्डवर करू नका.

आता माझा गाढवपणा. खालच्या मजल्यावरचे अण्णा तीस वर्षं मागावर जॉबर, म्हणजे मागाची दुरुस्ती बघणारे, होते. माझं बटण किरकिरताना ऐकलं आणि म्हणाले, "तेल सोड की दोन थेंब. मशीनच हाय की ते." अण्णांचं ऐकून कुणाचा माग बंद पडला नाही, म्हणून मी शिवणयंत्राचं तेल सोडलं. दोन दिवस काय मऊ चालला कीबोर्ड! तिसऱ्या दिवशी तीन बटणं गप्प. पातळ तेल खाली पात्यांपर्यंत उतरतं, आणि आमच्याकडची रुई त्याला धरून बसते. मागाला तेल रोज पुसून परत देतात, इथं पुसणार कसं? स्विचचा आवाज फारच खुपत असेल तर स्विच उघडून दांड्याच्या कडांना क्रायटॉक्ससारखं घट्ट ग्रीस केसाएवढं लावतात, पात्यांना नाही. निळ्या स्विचला मी तेही करत नाही, त्याची टकटक मरते. मग निळा घेतला कशाला?

स्पेसबार मात्र ग्रीस मागतो. स्पेसबार, एंटर, शिफ्ट अशा लांब बटणांच्या खाली एक वाकवलेली तार असते, दोन्ही टोकं एकदम खाली जावीत म्हणून. बटण एका बाजूनं अडकतं किंवा खडखडतं ते या तारेपायी. टोपी अगदी हळू काढा, एका बाजूनं ओढली तर तार वाकते. तारेची टोकं जिथं बसतात तिथं जुनी घाण पुसून डायइलेक्ट्रिक ग्रीस लावा. गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळतं, एक ट्यूब जन्मभर पुरेल.

महिन्यातून एकदा मी कीबोर्ड उलटा धरून एक इंची रंगाच्या ब्रशनं झाडते. उलटाच, नाहीतर रुई अजून आत जाते. कारखान्यातल्या कॉम्प्रेसरचा पाइप मारायचा मोह आवरा, तो रुई स्विचच्या पोटात ढकलतो आणि वर पाणी-तेलाचे तुषार सोडतो. दिवाळीला टोप्या काढून धुते. त्याआधी फोटो काढून ठेवते, कारण वरच्या ओळीच्या टोपीचा उतार खालच्या ओळीला बसत नाही. कोमट पाणी, भांड्याचा साबण, तासभर भिजवणं. शेवटचं खळबळणं पिण्याच्या पाण्यात करा, बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग काळ्या टोप्यांवर राहतात. वाळवायला गच्ची नको. आपलं ऊन पापडाला ठीक आहे.

चहा सांडला तर आधी वायर ओढा, मग कीबोर्ड उलटा करा, पुसणं नंतर. साखर राहिली की बटणं चिकटतात, म्हणून मी बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी थोडं थोडं सोडून धुतलं, वरून आयपीए मारलं आणि दोन दिवस पंख्याखाली ठेवला. एंटर सोडून सगळं वाचलं. एंटरला एफ बाराचा स्विच.

रात्री झाकायचं विसरू नका. पण टॉवेलनं नको, विशेषतः नव्या. सोलापुरात राहून हे म्हणणं जिवावर येतं, पण पहिल्या चार-पाच धुण्यांपर्यंत टॉवेल रुई सोडतोच. मी एका लग्नात आहेर आलेल्या ब्लाउजपीसनं झाकते.